तीन ओळींची जागा

दुसऱ्या महायुद्धात, निजामाचं राज्य असताना, सेनगावकडच्या आमच्या मेंढपाळांच्या वस्तीतून चार तरुण फौजेत भरती झाले आणि ब्रह्मदेशात गेले. एक परत आला. बाकी तिघांची माती कुठे झाली हे कुणालाही ठाऊक नाही.

हे लिहायला बसलो त्याला कारण झाला एक वास. फाल्गुन सरत आला की गावाच्या उगवतीच्या माळावर हळद शिजते. वाफेबरोबर ओल्या मुळांचा, किंचित कडवट, मातकट वास वाऱ्यावर येतो आणि दिवसभर घरांतून हिंडत राहतो. गावातल्या इतरांना तो सुगीचा वास वाटतो. आमच्या वस्तीत मात्र तो आला की म्हातारी माणसं माळाकडे पाठ करून बसतात. मी लहान होतो तेव्हा मला वाटायचं, हळद शिजताना सगळीकडेच असं बसत असतील. पुढे नोकरीच्या निमित्ताने बरीच गावं पाहिली, हळदीची शेतंही पाहिली. पाठ फिरवून बसणारी माणसं दुसरीकडे दिसली नाहीत. तो माळ पाटलांचा आहे. युद्धाच्या आधी तो कुणाच्याही नावावर नव्हता. त्यावर मेंढरं चरत होती.

भरती कशी झाली, हे मी ज्याच्याकडून ऐकलं तो परत आलेला चौथा माणूस, माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. त्याला आम्ही धाकला आजा म्हणायचो. फौजेला खेचरं हाकणारी माणसं हवी होती. डोंगरात गाडी जात नाही, म्हणून दारूगोळा आणि रेशन खेचरांच्या पाठीवर जायचं. वरून मागणी आली, गावाने माणसं द्यावीत. पाटलाच्या घरात तीन तरणे मुलगे होते. पाटील त्यांच्यातल्या एकालाही न पाठवता वस्तीत आला, आमच्या घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "जनावरंच राखायची हाईत. हितं राखता, तशी तिथं राखा. माळाची फिकीर करू नका, तुमचा माळ मी सांभाळतो." चौघांनी आपापली घोंगडी खांद्यावर टाकली आणि हिंगोलीची वाट धरली. त्यांच्या मागे पहिल्याच पावसाळ्यात पाटलाने माळावर नांगर घातला.

धाकला आजा युद्धाबद्दल बोलायचा तेव्हा आधी खेचरांबद्दल बोलायचा. एक मोती होती, ती चिखलात बसली की कानात फुंकल्याशिवाय उठायची नाही. एक राणी होती, तिला फक्त डावीकडून सामान चढवलेलं चालायचं. मेलेल्या सोबत्यांचं नाव तो सहसा घेत नसे. कोण कसा मेला ते मात्र नीट सांगायचा, आणि दर वेळी तेच सांगायचा. त्यात शब्द वाढत नसत. एक जण नदीच्या उतारावर खेचराचा दोर हातातून न सोडल्यामुळे त्याच्याबरोबर वाहून गेला. एक तापाने गेला, झाडाखाली, अंगावर घोंगडी होती. तिसरा विमानातून बॉम्ब पडला तेव्हा जनावरं सोडवायला धावला होता. या तिसऱ्याची बायको तो गेला तेव्हा गरोदर होती. तिला पुढे मुलगी झाली. ती नात्याने माझी आत्या. बापाने तिला पाहिलं नाही, तिने बापाला पाहिलं नाही, आणि घरात त्याचा फोटोही नाही.

युद्ध संपल्यावर धाकला आजा हिंगोलीच्या स्टेशनावर उतरला आणि चालत आला. उजाडताना तो माळाच्या कडेला पोचला. समोर ज्वारी उभी होती. त्याला वाटलं, आपण वाट चुकलो. ज्या वाटेने त्याने जन्मभर मेंढरं हाकली होती त्या वाटेवर तो परत फिरला, नाल्यापर्यंत गेला, नाला ओळखीचा निघाला, तेव्हा पुन्हा आला. ज्वारी तिथेच होती. घरी न जाता तो पाटलाच्या दारात गेला. पाटील दात घासत होता. त्याने धाकल्या आजाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी परत येताल असं वाटलं न्हाई."

हे वाक्य आमच्या वस्तीत आजही जसंच्या तसं सांगितलं जातं. त्यात कुणी शिवी घालत नाही.

फिर्याद करायला वस्तीत कुणी शिकलेलं नव्हतं, आणि फिर्याद करायची ती पाटलामार्फतच. वस्तीच्या हाती एकच गोष्ट होती. पिकं निघाली की शेतकरी मेंढपाळांना बोलावतात आणि कळप आपल्या रानात बसवून घेतात. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं रान बोलतं. आमच्याकडच्या मुरमाड जमिनीला याच्यासारखं खत नाही. धाकल्या आजाने तिघांच्या घरच्यांना बोलावलं आणि ठरवलं, की त्या माळावर आपलं एकही मेंढरू बसणार नाही. लग्नकार्यात, जत्रेत, जिथे जिथे मेंढपाळ भेटले तिथे त्याने पाटलाचं ते वाक्य सांगितलं. औंढ्याकडून येणारे कळप थांबले, वाशिमकडून उतरणारेही थांबले. दोन्ही बाजूंच्या रानांत मेंढरं बसायची आणि मधल्या माळाचा बांध आला की ती वळवली जायची. एका उन्हाळ्यात पाटलाने दुप्पट धान्य कबूल केलं. चाराटंचाईचं साल होतं, कळपांची हाडं दिसत होती. कुणी गेलं नाही. त्या साली आमच्या घरची निम्मी मेंढरं मेली, असं आई सांगायची. सांगताना तिच्या आवाजात दुःखापेक्षा दुसरं काहीतरी जास्त असायचं. मला ते तेव्हा ओळखता आलं नव्हतं, आता येतं.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखितीला, मेलेल्यांच्या नावाने मातीचा करा भरतात. वस्तीत त्या दिवशी तीन करे जास्तीचे भरले जात. पाणी ओतताना धाकला आजा तिघांची नावं घ्यायचा, वर्षातून तेवढीच एकदा, आणि मग त्यांना माळाची त्या वर्षाची हकिगत सांगायचा. ज्वारी किती झाली, कपाशी कशी गेली, पुढे हळद कशी उतरली, विहिरीला पाणी लागलं की नाही. आम्ही मुलं ओळीने बसून ऐकायचो. एकदा कुणीतरी हौसेने म्हणालं, सांगा की पीक जळालं, कोण बघायला येणार हाये. धाकल्या आजाने ओतता हात थांबवला.

"खोटं सांगायचं न्हाई. त्यांना येऊन बघता येत न्हाई."

त्या वर्षी माळावर पीक चांगलं होतं. त्याने तेही सांगितलं. सांगून झाल्यावर तो दिवसभर जेवला नाही. माळाचं वाईट झालं की मात्र तो दोन वाट्या आमरस प्यायचा. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. शेजाऱ्याच्या नुकसानीचा आनंद आमच्या घरात सणासारखा पाळला जात होता, आणि तो पाळताना आम्हाला अवघडल्यासारखं होत नव्हतं. आजही होत नाही.

काळ बदलला तसा सूड थोडा थोडा निरुपयोगी होत गेला. रासायनिक खत आलं, पाइपलाइन आली, मग हळद आली. माळाला मेंढरांची गरज उरली नाही. वस्तीतली पोरं पुण्याला कामाला गेली, कळप कमी झाले. धाकला आजा गेल्यावर करे भरण्याचं काम आत्याकडे आलं. तिचा आवाज बारीक आहे, पण ती हकिगत नेमकी सांगते.

मग पाटलाच्या नातवाने फाट्यावर स्मारक बांधायचं ठरवलं. नातू वाईट माणूस नाही. हात जोडून बोलतो, दवाखान्यासाठी कुणाला गाडी लागली तर देतो. निवडणूक जवळ आली होती. मजकूर त्याने आधीच लिहून घेतला होता. वर आजोबांचं नाव, 'महायुद्धात गावचे वीर पाठवणारे' असं. खाली तीन ओळी, तीन वीरांच्या. त्याला नावं ठाऊक नव्हती. त्याच्या घरात त्यांना कुणी नावाने ओळखलंच नव्हतं. तो तालुक्याला जाऊन आला, हिंगोलीला जाऊन आला, कुठे काही हाती लागलं नाही. मग तो माझ्याकडे आला.

"तुमी तर पेपरवाले," तो म्हणाला. "तुमचं कामच सांगायचं."

मी म्हणालो, नावं मला माहीत आहेत, पण सांगणं माझ्या हातात नाही, आत्याला विचारा.

वस्तीत त्यावर बैठक झाली. माझा चुलत भाऊ म्हणाला, "दगड त्याचा, छिन्नी त्याची, वर नाव त्याच्या आज्याचं. आपले तिघं खाली उभे. जित्तेपणी बी तसेच उभे राहत व्हते त्याच्या दारात." एका सुनेचं म्हणणं पडलं, की आत्याच्या मागे ही नावं घेणारं कोण आहे, पोरांना तर येतही नाहीत, दगडावर राहतील तरी. कुणी तिला गप्प केलं नाही, कारण ती खरं बोलत होती. सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पण बापाचं नाव कुठेतरी कोरलेलं असावं आणि त्यावरून आपल्याला हात फिरवता यावा, ही तिची फार जुनी इच्छा. वस्तीत ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि बहुधा तोपर्यंत पाटलाच्या नातवालाही कळली होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. आत्याने त्याला घोंगडीवर बसवलं आणि चहा दिला.

"घे लेकरा. दूध शेळीचं हाये. भिऊ नको, तुमच्या माळावर चरलेली न्हाई."

तो हसला. म्हणाला, "आजी, तुमच्या वडलांचं नाव पहिल्या ओळीत टाकतो. सोनेरी अक्षरात."

मी समोर बसलो होतो. आत्याचे हात मांडीवर होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरत होता. त्या क्षणी ती हो म्हणाली असती तर वस्तीत तिला कुणीही बोल लावला नसता.

"आन् माळ नांगरला ते कुठं लिवणार?" तिने विचारलं.

"इतकं जुनं काहून उकरून राहिल्या आजी?"

"उकरलं तुमी. आमचं तिथं गवत व्हतं."

तो म्हणाला, ते दगडावर लिहिता येत नाही, स्मारकावर असं कुणी लिहीत नाही. आत्याने मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं.

"बरं. मग वरचं नाव काढशील?"

"आजी, आजोबांच्या नावानंच तर स्मारक हाये."

"मंग माझ्या बापाला त्याच्या खाली उभा करू नको."

तो कपात तळाशी राहिलेला चहा पीत राहिला. जाताना पाया पडला. आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी राहा," आणि तो बांधाआड गेल्यावर माझ्याकडे वळून, "हळद काढणीला कधी येती रे त्यांची?" असं विचारलं. आखितीला सांगायला तिला ते हवं होतं. त्या रात्री ती जेवली नाही, असं तिची सून सांगत होती.

ती नावं आज वस्तीतल्या चार-दोन माणसांना येतात. मला येतात. इथे ती मी लिहिणार नाही.

स्मारक झालं. मंडप पडला, भाषणं झाली, शूर मातीचा उल्लेख झाला. दगड काळा, गुळगुळीत, पुरुषभर उंचीचा आहे. वर पाटलाचं नाव कोरलं आहे. खालच्या तीन ओळींची जागा सोडली होती, ती तशीच राहिली. नातवाला तिथे काही भरता येईना. खोटी नावं टाकावीत असं त्याला कुणीतरी सुचवलं होतं. त्याने ते केलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

काही दिवसांनी आत्या म्हणाली, मला दगड दाखव. मी तिला रिक्षाने फाट्यावर नेलं. दुपार होती, सेनगावची एसटी नुकतीच जाऊन धूळ खाली बसत होती. तिने आधी वरच्या अक्षरांवरून हात फिरवला. "हे पाटलाचं?" मी हो म्हणालो. मग हात खाली आणला. खाली दगड सपाट होता. ती तिन्ही ओळींच्या जागेवरून सावकाश हात फिरवत राहिली, डावीकडून उजवीकडे, आणि पुन्हा डावीकडून. मी दुसरीकडे बघत होतो. टपरीवाल्याने तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

"चांगला गुळगुळीत हाये," ती म्हणाली. "राहू द्या असाच."

"नावं नकोच म्हणता ना?" मी विचारलं.

"नाव कोरलं असतं तर लोक वाचून निघून गेले असते. आता येणारा-जाणारा इचारंल."

तिला स्टुलावर बसायचं नव्हतं. आम्ही परत आलो.

मागच्या आठवड्यात कनेरगाव नाक्याकडून आलेली एक जीप फाट्यावर थांबली. आतले चौघे चहाला उतरले. त्यांच्यातल्या एकाने दगडाकडे बोट करून विचारलं, की हा अर्धाच काहून कोरला. टपरीवाल्याने गॅस बारीक केला आणि त्यांना रस्त्यापलीकडचा माळ दाखवायला बाहेर आला.