सुनेची दुपारची वीस मिनिटं

माझ्या सुनेच्या अंगात रक्त कधीच कमी नव्हतं. आणि ते कमी असल्याची बातमी आमच्या उंद्री गावभर पसरवली म्हणून माझी बायको सुशीला गेली दोन वर्षं जी बोलणी खाते आहे, ती माझ्या वाट्याची आहेत. हे मी आज लेखी देतो.

सून प्राजक्ता खामगावची. पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. मुलाची बदली आमच्या जवळच्या चिखलीला झाली, तेव्हा कंपनीनं तिला तीन महिने घरून काम करायची परवानगी दिली. काम नीट झालं तर कायमची, नाही तर परत पुणे. म्हणजे मुलगाही मागोमाग बदली मागणार आणि या घरात आम्ही दोघं एकमेकांचे चष्मे शोधत बसणार. म्हणून पोरीच्या कामात कोणीही अडथळा आणायचा नाही, असा हुकूम मीच काढला होता. (मोडलाही मीच.)

प्राजक्ताची काम करायची रीत वेगळी. खोलीच्या दारावर तिनं एक कागद चिकटवला होता. त्यावर ती तासातासाला दहापैकी एक आकडा लिहायची.

"बाबा, डोकं दिवसभर सारखं चालत नाही," तिनं मला समजावलं. "सकाळी अकराला माझी एनर्जी नऊ असते, जड काम तेव्हाच करायचं. दुपारी दोनला ती तीनवर येते, तेव्हा ओढून उपयोग नाही. वीस मिनिटं आडवं झालं की परत सात."

मला लगेच पटलं. मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. (गाव मला डॉक्टर म्हणतं; मी अजून कोणाला दुरुस्त केलेलं नाही.) बैलाला भर उन्हात औताला जुंपू नका, हे मी लोकांना तीस वर्षं सांगत होतो. सुनेचं म्हणणं तेच होतं. फक्त बैल काही बैठकीत, कूलरसमोर, आल्यागेल्याला दिसेल असा झोपत नाही!

आणि शेजारचा किसनभाऊ बरोबर दोन वाजता पेपर वाचायला येतो.

"डाक्टर, सूनबाई झोपली काय?"

"हाव."

"काल बी झोपली होती."

"हाव."

"परवा बी. सासू भांडे घासून राह्यली, अन् सून..."

पुढचं तो बोलला नाही, कारण पुढचं तो पारावर बोलणार होता. मी त्याला दारावरचा कागद समजावून सांगू शकलो असतो. पण घराण्याची अब्रू वाचवायची मला घाई झाली.

"तब्येत बरी नाही तिची," मी ठोकून दिलं.

"काय झालं?"

काय झालं, हे मी ठरवलंच नव्हतं! समोर कागद दिसत होता.

"तीन," मी म्हणालो.

"तीन? रगत तीन?" किसनभाऊ उभाच राहिला.

इथे 'नाही' म्हणायची मला पूर्ण संधी होती. मी म्हणालो, "अडीच वाजेलोक सातावर येते."

किसनभाऊ पेपर न उघडता निघून गेला. निवडणुकीच्या निकालादिवशीसुद्धा तो असा गेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घरात बीट, डाळिंबं आणि गूळ-शेंगदाणे यायला लागले. पलीकडच्या रजियाबी खजूर घेऊन आल्या. "बहूले दुधात द्या, अन् कामाले लावू नका बिचारीले," असं मला बजावून गेल्या. "किती प्रेमळ आहे हो गाव!" प्राजक्ता बीट खात म्हणाली. मीही एक तुकडा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको.

मग तो दिवस आला. कंपनीचे साहेब अकरा वाजता स्क्रीनवर येऊन निर्णय घेणार होते. वेळ प्राजक्तानंच मागून घेतली होती, तिची नऊ आकड्याची.

"बाबा, बारापर्यंत कोणालाही आत सोडू नका. माझं सगळं आजच आहे."

मी दाराशी खुर्ची टाकली. सुशीला दळण घेऊन गिरणीत गेली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी लोणारहून माझी मोठी बहीण वत्सलाआक्का उगवली, काखेत भोपळा! मागे किसनभाऊ, त्याच्यामागे रजियाबी. आजारी माणसाला पाहायला गेलं नाही की आमच्याकडे संबंध तुटतात.

"कुठं हाय पोरगी?" आक्कानं विचारलं.

"झोपली," मी कुजबुजलो. वाटलं, परत जातील.

"आता सकाळची बी झोपते?" किसनभाऊचा चेहरा उतरला. रजियाबींनी ओढणी डोळ्यांना लावली. तेवढ्यात आतून प्राजक्ताचा आवाज आला: इंग्रजीत, खणखणीत, न थांबता.

"कोणासंग बोलते थे पोरगी?" आक्कानं कान टवकारले.

"कोणासंगच नाही," मी म्हणालो. (झोपलेली बाई कोणाशी बोलेल?)

"अरे बाप्पा, वातात बडबडून राह्यली!" आक्कानं मला खुर्चीसकट बाजूला केलं.

आत शिरल्या शिरल्या तिनं प्राजक्ताच्या कानावरचं यंत्र उपसून फेकलं, पदर तांब्यात बुडवला आणि तिच्या कपाळावर दाबला. रजियाबी टेबलाखाली बसून तळपाय चोळू लागल्या. "गाडी काढू काय चिखलीले?" किसनभाऊ दारातून ओरडला. स्क्रीनवरची आठ माणसं पुढे वाकून पाहू लागली. प्राजक्ता थांबली. मला वाटलं, संपलं. गेली पोरगी पुण्याला.

पण तिनं एक मोठा श्वास घेतला आणि कपाळावरच्या ओल्या पदरासकट पुढचं सगळं बोलून संपवलं.

"प्राजक्ता, तुला बरं नाही का?" साहेबांनी मराठीत विचारलं.

"मला काहीही झालेलं नाही, सर."

"रगत तीन हाय तिचं!" आक्कानं स्क्रीनला सांगितलं.

साहेब म्हणाले, "कपाळावर पट्टी, पायाला मालिश, आणि तरी एक आकडा चुकला नाही. हिला पुण्यात बोलावून मी आणखी काय देणार? राहा तिकडेच."

जीव भांड्यात पडतोय, तोच प्राजक्तानं मागे वळून विचारलं, "माझं रक्त तीन आहे, हे कोणी सांगितलं?"

नेमकी त्याच क्षणी सुशीला पिठाचा डबा घेऊन आत आली.

"सुशीलानंच सांगतलं असन," आक्का म्हणाली. "दुसरं कोण सांगन?"

किसनभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. प्राजक्ता आठ दिवस सासूशी धड बोलली नाही. बायका आजही म्हणतात, "सुशीलाबाईले काही सांगू नका, गावभर करन." आणि सुशीला एका शब्दानं काही बोलली नाही. त्या दिवसापासून मी अपराधी मनानं पहाटे उठून तिच्यासाठी चहा करतो. दोन वर्षं! गेल्या आठवड्यात मात्र राहवलं नाही. तिच्या हातात कप दिला आणि सगळं कबूल करून टाकलं.

तिनं चहा बशीत ओतला. "मले मालूम हाय. किसनभाऊनं दुसऱ्याच दिवशी सांगतलं."

"मग बोलली काऊन नाही?"

"हातात आयता चहा भेटून राह्यला होता. बोलली असती, तर तुम्ही उठले असते काय?" असं म्हणून तिनं आतल्या खोलीकडे तोंड केलं. "प्राजक्ता, बाबांनी कबूल केलं वं!"

"एकदाचं!" आतून आवाज आला. "मग उद्यापासून माझाही कप, बाबा. कमी साखरेचा!"

कबुली दिल्यानं मन हलकं होतं म्हणतात, ते खरं आहे. ट्रे तेवढा जड झाला.