देवकाचा न भाजणारा हात

हे मी कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोरीपाशी तर नाहीच. आज तुमच्यापाशी बोलते — पण कुठून सुरू करू?

देवकापासून करते. देवका माझी धाकटी जाऊ. आमची चूल एकच, धानाच्या रोवण्याला जाणंही सोबतच. भाताच्या गंजावरलं तापलेलं झाकण ती उघड्या उजव्या हातानं उचलायची. आम्ही बाया फडकं शोधत राहायचो. "काय वो, लोखंडाचा हात आहे का तुझा?" — हे मीच म्हणायची. सारे हसायचे, तीही हसायची. तेव्हा मला खरंच गंमत वाटायची... निदान आधी आधी तरी.

एक दिवस तिनं कोपराखाली चट्टा दाखवला. फिका, गुळगुळीत. "बाई, हे काऊन झालं असंल? खाजत नाही, दुखत नाही." मी पोलक्याची पिन काढली अन् तिचं लक्ष नाही असं पाहून टोचली. तिला कळलंच नाही.

मला कळलं. माझ्या मामाला असाच चट्टा होता. विडी जळत बोटाला यायची, अन् कातडीचा वास आल्यावर त्याला समजायचं. महारोग. आमच्याकडं हा शब्द मोठ्यानं कोणी काढत नाही.

अन् मी देवकाला काय म्हटलं? "चिखलाचं पाणी लागलं असंल. दुखत नाही तं दवाखान्यात कायले जातेस?"

माझ्या पोरीला पाहायला पाहुणे येऊन राहिले होते ना त्या दिवसांत! घरातल्या रोगाची गोष्ट गावात फुटली असती तर? — एवढंच होतं माझ्या डोक्यात. सरकारी दवाखान्याची आशाताई, कोणाला असा चट्टा आहे का, हे घरोघर विचारत आली. गोळ्या फुकट मिळतात, लवकर घेतल्या तर हात वाकडा होत नाही, सारं नीट समजावून सांगितलं बिचारीनं. मी दारातच म्हटलं, "आमच्या घरी नाही बाप्पा कोणाले." देवका आत स्वयंपाक करून राहिली होती. तिच्या तळहाताला फोड आले होते त्या आठवड्यात. ते मीच पाहिले होते. तरी झाकण तिलाच उचलू दिलं — फडकं पुढं केलं असतं तर तिनं विचारलं असतं, काऊन?

पोरीची वरात गेली, मग मी तिला दवाखान्यात नेलं. रोग गोळ्यांनी गेला. करंगळी अन् तिच्या जवळचं बोट मात्र वाकलं ते वाकलंच. डॉक्टरनं विचारलं, इतके दिवस काय करत होत्या? माझ्याआधी देवकाच बोलली, "दुखतच नव्हतं जी. आमच्या बाईनंच ओढून आणलं मले."

गावभरही ती हेच सांगते.

आता तिला वेणी घालता येत नाही. रोज सकाळी माझ्याकडं पाठ करून बसते, मी घालून देते. "तुमचा हात भलता हलका आहे, बाई," म्हणते. मी केस ओढते, गाठ मारते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तिला माहीत नाही.