टाटपट्टीवर बसलेली आई

कुरुद गाव ओलांडून हथखोजकडे निघालं की कारखान्यांच्या भिंती सुरू होण्याआधी एक दोन खोल्यांची सरकारी प्राथमिक शाळा लागायची. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं त्या दोन खोल्यांत गेली. पाच वर्ग, दोन शिक्षिका, बाहेर कडुनिंबाखाली हातपंप आणि मागे स्वयंपाकाची खोली. सकाळी दहाच्या सुमाराला तिथून डाळीला फोडणी दिल्याचा वास आला की पहिलीतली मुलं पाढे विसरायची.

मी स्वतः वाढले पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये. वडील अमरावतीहून इकडे छत्तीसगढात त्याच प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले होते. आमची शाळा कंपनीची होती. मोठं मैदान, प्रयोगशाळा, दर तासाला वेगळे सर. शाळेत जायला कुणी बोलवायला यायचं नाही. कॉलनीतली सगळी मुलं सायकली काढून निघायची, त्यात आम्हीही. त्यामुळे मुलांना घरून उठवून शाळेत आणणं हे शिक्षिकेचं काम असतं, हे मला नोकरी लागल्यावरच कळलं. हजेरी कमी झाली की वरून विचारणा व्हायची. मग मी शाळा भरायच्या आधी स्कूटर घेऊन कामगारांच्या चाळींकडे निघायची. कुणाचा बाप रात्रपाळी करून झोपलेला, कुणाची आई कामावर गेलेली आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी. विनवणी करायची, कधी रागवायचं, आणि दोघातिघांना मागं बसवून आणायचं.

अशीच एका सकाळी ती भेटली. एका भंगाराच्या कारखान्यात लोखंड निवडायच्या कामाला होती, दुपारी दोनची पाळी. तिच्या मुलीचं नाव आमच्या पहिलीत होतं, पण मुलगी यायची आणि प्रार्थना संपायच्या आत पळून जायची. मी हिंदीत विचारलं, ती हिंदीत उत्तर देत होती. मग मुलगी भोकाड पसरून तिच्या पदरात शिरली आणि ती एकदम म्हणाली, "कावून रडून राहिली वो? बाई काय खाऊन राहिली का तुले?"

मी जागच्या जागी थांबले. "तुम्ही मराठी?"

"हाव बाई. गोंदियाकडली आहो मी. लगन होऊन इकडे आलो."

माझी आई अशीच बोलायची. 'कावून', म्हणजे 'का', हा शब्द ती गेल्यापासून मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझी मुलं घरात मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मीही आता त्यांच्याशी पुस्तकातली मराठी बोलते. त्या चाळीत, नाल्याच्या वासात, कुणी तरी मला घरी बोलावल्यासारखं झालं.

मुलगी काही केल्या एकटी राहीना. दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी बसू का बाई तिच्याजवळ? दोन रोज. सवय झाली का मी येत नाही."

मी बस म्हटलं. टाटपट्टी, म्हणजे मुलांना बसायला अंथरतो ते लांबलचक तागाचं बस्कर, तिच्या अगदी टोकाला भिंतीला टेकून ती बसली. मुलगी तिच्या गुडघ्याला चिकटून. दोन रोज झाले, आठवडा झाला, स्वेटर घालायचे दिवस आले, तरी ती येतच होती. मुलगी केव्हाच पुढं सरकून मैत्रिणींत बसायला लागली होती. आई मात्र जागची हलली नव्हती. कुणी तिला काही विचारलं नाही आणि तिनंही जायचं नाव काढलं नाही.

लहानपणी ती दुसरीपर्यंत शिकली होती. मग भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी बसली. अक्षरं ओळखीची होती, पण एकमेकांना जोडताना अडायची. मी फळ्यावर वर्णमाला लिहिली की तीही मुलांबरोबर मोठ्यानं म्हणायची. एकदा सगळी वर्णमाला म्हणून झाली आणि मागून तिचा आवाज आला, "बाई, 'ळ' कुठं गेला?"

मुलं वळून पाहायला लागली. मी म्हटलं, "हिंदीत 'ळ' नसतो गं."

"असा कसा नसते? मंग शाळा कशी लिहितेत?"

"पाठशाला लिहितात."

ती इतकी हसली की मलाही आवरेना. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक मोठा 'ळ' काढला. छत्तीसगढी मुलांनी तो आवाज काढून पाहिला आणि मधल्या सुट्टीपर्यंत अख्खी शाळा ळ, ळ करत फिरत होती.

थंडी सरता सरता ती धडे वाचायला लागली. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत. एक वाक्य हिंदीत वाचायची आणि लगेच बाजूच्या मुलांना आपल्या भाषेत सांगायची. "हत्ती पान्यात उतरला. पान्याले घाबरला नाही." मग मुलं तिला आणखी चिकटायची. माझी सहकारी शिक्षिका दुसऱ्या खोलीत तीन वर्ग सांभाळायची. ती म्हणायची, तुला फुकटची मदतनीस मिळाली. मदतनीस नव्हती ती. पहिलीतली विद्यार्थिनीच होती, फक्त वयानं मोठी.

एकदा आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे संकुलाचे साहेब तपासणीला आले. भले गृहस्थ होते. भिंतीपाशी बसलेल्या बाईकडे पाहून त्यांनी विचारलं, "ये कौन है?" मी सांगितलं. ते हसले. मग बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, गिनती बच्चों की होगी, माँ की नहीं. आपके यहाँ बच्चे कम हैं. कुछ कीजिए." जिथं मुलं कमी आहेत त्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायचं सरकारचं धोरण ठरत होतं. त्याला 'युक्तियुक्तकरण' असं नाव होतं. आम्ही दोघी पुन्हा चाळी फिरलो. काही नवी मुलं आली, काहींचे आईबाप कामाच्या शोधात दुसरीकडे गेले. आकडा होता तिथंच राहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा दिवस मला आठवतो, पण त्यात आठवण्यासारखं काही नाही. मुलांनी टाटपट्ट्या झटकून गुंडाळल्या. मी खिडक्या लावल्या. तिला म्हटलं, "जूनमध्ये ये." "येतो बाई," ती म्हणाली आणि मुलीचं बोट धरून गेली. तो त्या शाळेचा शेवटचा दिवस आहे हे कळलं असतं तर मी थोडी थांबले असते. मुलांना काही म्हणायला लावलं असतं. काय, ते मला आजही सुचत नाही.

आदेश सुट्टीत आला. आमची शाळा बंद, मुलं आणि आम्ही दोघी मोठ्या शाळेत. खरं सांगायचं तर कागदावर त्यात चूक काढता येत नव्हती. तिथं प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक होते, वाचनालयाचं कपाट होतं, भिंतीवर चित्रं दाखवणारा मोठा टीव्ही होता. एका खोलीत दोन वर्ग शिकवणाऱ्या बाईनं तक्रार तरी काय करावी? पण मधे ट्रकांचा रुंद रस्ता होता, आणि आमची सगळी मुलं तो ओलांडून आली नाहीत.

ती आली. पहिल्याच दिवशी, धुतलेली साडी नेसून, मुलीला घेऊन फाटकाशी उभी होती. "बाई, कोण्या खोलीत बसू?"

मी मुख्याध्यापकांना विचारायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शाळेच्या वेळात बाहेरचं कुणी वर्गात बसू शकत नाही, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? त्यांचं बरोबर होतं. मी परत फाटकाशी आले, आणि त्या एवढ्याशा अंतरात सांगायचं वाक्य मला जुळवता आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"हाव, बराबर आहे. मोठी शाळा आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलीनं तिचा हात सोडला आणि मैत्रीण दिसताच आत पळाली. रडली नाही. मागं वळूनही पाहिलं नाही.

"राहिली ना बाई माह्यावाचून," तिची आई म्हणाली. हसत म्हणाली, पण फाटकाचा गज काही तिनं सोडला नाही.

त्यानंतर मी काही रविवार तिच्या खोलीवर गेले. पुस्तक घेऊन जायची. ती चहा ठेवायची, बसायची, दोनचार ओळी वाचायची. मधेच नळाला पाणी यायचं, शेजारीण हाक मारायची, नवरा बाहेर खाटेवर संकोचून बसून राहायचा. एका रविवारी तिनं स्वतःच पुस्तक मिटलं.

"इथं मन नाही लागत बाई. तिथं बसलो का मले वाटे मीबी लहान आहो. मले कोनाचंच काही करायचं नाही, फक्त वाचायचं आहे. इथं कसं वाटन तसं?"

 मलाही तिथं ती सकाळ हवी होती, डाळीचा वास, ळ ळ करणारी मुलं, मागून येणारा आईसारखा आवाज. ती तिच्या खोलीत मला देणार तरी कुठून?

दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याला रायगढकडे काम मिळालं. ती मुलीचा दाखला घ्यायला आली तेव्हा मी वर्गावर होते. खिडकीतून तिनं हात केला. मी व्हरांड्यात गेले.

"तिथं शाळा जवळ आहे म्हनते," ती म्हणाली. "लहानशी आहे, दोन खोल्यांची."

"मग विचारून बघ," मी म्हटलं.

"विचारतो ना. लाज कायची?"

नवऱ्याचा फोन नंबर दिला होता तिनं. थोडे दिवस लागला, मग बंद झाला.

आता हजेरी मोबाइलवर लागते आणि माझा वर्ग भरलेला असतो. मुलं चांगली आहेत. तरी दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी स्कूटर त्या चाळींकडे वळवते. तो भाग आता माझ्याकडे नाही. गेल्या खेपेला तिच्या त्या जुन्या दारापुढं रेंगाळले, तर आतून एक तरुण बाई बाहेर आली. "किसको ढूँढ रहे हो मॅडम?"

"किसी को नहीं," मी म्हटलं. मग विचारलं, घरात शाळेत घालण्यासारखं कुणी आहे का. तिच्या मागून एक छोटी मुलगी डोकावत होती, तोंडात फ्रॉकचं टोक. मी म्हटलं, सोमवारी घेऊन या. आणि एकटी राहत नसेल तर मला सांगा, मी मुख्याध्यापकांशी पुन्हा बोलून पाहीन.