मी केलेला प्लंबरचा मत्सर

जलाचा अधिपती जो वरुण, आणि पळीभर पाण्यानेही जो प्रसन्न होतो तो सदाशिव, या दोघांना प्रथम वंदन करून लिहावयास बसतो. आज अक्षय्य तृतीया. पितरांच्या स्मरणार्थ पाण्याने भरलेला कुंभ दान देण्याचा दिवस. सकाळी कुंभ भरताना मी पत्नीला विचारले, यंदा तो कोणाला द्यावा. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “आपल्या प्लंबरला.” दुपारपर्यंत कुंभ पोहोचलाही. दान योग्य माणसाला गेले, याविषयी मला शंका नाही. तरीही ‘आपल्या’ हा शब्द ऐकताच पुष्कळ वर्षांपूर्वीचा एक काटा मनात पुन्हा हलला, आणि तो कसा रुतला हे लिहून ठेवावेसे वाटले.

मी पुण्याच्या एका पाठशाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. कोणाकडे बाळ जन्मो, कोणाकडे माणूस जावो, पहिली हाक मला येई. निवृत्तीनंतर आम्ही उभयता मुलाकडे न्यूझीलंडला आलो. मुलगा हॅमिल्टनमध्ये एका दूधप्रकल्पात अभियंता. सूनबाईही तेथेच नोकरीला. घर मात्र त्यांनी तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, वायकाटो नदीच्या काठच्या एका लहानशा गावात घेतले होते. ही दोघे सकाळी गाडीने निघून जात, आणि संध्याकाळपर्यंत त्या लाकडी घरात आम्ही दोघेच असू. तेथे मला हाक मारणारे कोणी नव्हते. पत्नी मात्र होती, आणि तिच्या दृष्टीने सर्व काही जाणणारा मनुष्य मीच आहे, अशी माझी समजूत होती. या समजुतीवर मी त्या परदेशात उभा होतो, असे म्हटले तरी चालेल.

इकडचा श्रावण हिवाळ्याच्या शेवटी येतो. घरातली सर्वांत उबदार व कोरडी जागा म्हणजे गरम पाण्याची तांब्याची टाकी जेथे असते ते कपाट. येथील लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. आम्ही वरच्या फळीवर देव ठेवले होते. माझे सोवळेही तेथेच वाळत असे. कपाटाचे दार उघडून, समोर पाट मांडून मी पूजा करीत असे.

एका श्रावणी सोमवारी अभिषेक चालू असता पाटाखाली ओल जाणवली. ताम्हण भरून वाहत असावे, असे समजून मी मंत्र चालू ठेवले. थोड्या वेळाने पाणी कोमट लागू लागले. त्या कडाक्याच्या थंडीत पायांना ऊब मिळाली, ही देवाची विशेष कृपा मानून मी स्वर किंचित चढवला. पत्नी दारात आली तेव्हा बैठकीच्या खोलीतला गालिचा भिजून काळा पडला होता.

“अहो, उठा. टाकी फुटलीय.”

आवर्तन मध्येच सोडायचे नाही, हा माझा नियम. मी हाताची चिमूट करून खूण केली आणि हुंकार दिला, की आता थोडेच उरले आहे.

“फुलं कसली मागताय? पाट तरंगायला लागलाय तुमचा.”

तिने मुलाला फोन लावून माझ्या हाती दिला. मी परिस्थितीचे सविस्तर वर्णन करू लागलो, तोच मुलगा म्हणाला, “बाबा, डोन्ट पॅनिक. फ्रिजवर प्लंबरचं मॅग्नेट आहे. इमर्जन्सीला लगेच येतो तो. तुम्ही आईला द्या फोन.”

‘आईला द्या’ हे शब्द ऐकून मी फोन पत्नीच्या हाती दिला.

पाव तासात प्लंबर आला. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बाहेर गवतावर हिमकण आणि याच्या अंगात अर्धी चड्डी. “किया ओरा,” असा माओरी भाषेतला नमस्कार करून त्याने जड बूट दाराबाहेर काढले, न सांगता. टाकीपाशी आला, फळीवरचे देव पाहिले, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन थांबला. मग माझ्याकडे नव्हे, पत्नीकडे वळून त्याने विचारले, “ही मंडळी कुठे हलवायची, डिअर?”

तिने देव उचलून टेबलावर नेईपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्याचा हा विवेक मला त्याच क्षणी दिसला, आणि आवडला नाही. कारण त्यामुळे त्याला नावे ठेवण्यास जागा उरली नाही.

पुढे जे घडले ते मी खिडकीतून पाहिले. रस्त्याच्या कडेला, गवतात, एका लहान झाकणाखाली सबंध घराचे पाणी बंद करण्याची चावी असते. तिला येथे टोबी म्हणतात. तो पत्नीला घेऊन तेथे गेला. त्याने झाकण काढले, चावी फिरवून दाखवली, पुन्हा उघडली, आणि बाजूला सरकला. ती नऊवारी सावरून गुडघ्यांवर बसली आणि तिने हात आत घातला. एकदा चुकली. त्याने मान हलवली, पण स्वतः हात लावला नाही. दुसऱ्यांदा जमले. त्याने तिच्याकडून ते आणखी एकदा करून घेतले. तिला इंग्रजी येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हती.

ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक उजेड होता. शिक्षकाला तो उजेड ओळखू येतो. वर्गात एखाद्याला अवघड सूत्र एकाएकी उलगडले की तो पसरतो; मला तो वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच पाहावयास मिळे. पत्नीच्या मुखावर मी तो प्रथमच पाहत होतो, आणि शिकवणारा दुसरा होता.

नवी टाकी बसली. रात्री जेवताना तिने मुलाला टोबीची हकिकत दोनदा सांगितली. मी मध्येच म्हणालो, “त्याने तुला डिअर म्हटले.”

“इथे सगळेच म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानातली म्हातारी तुम्हांलाही म्हणते.”

“मी तिला उत्तर देत नाही.”

“म्हणून तर ती तुम्हांला शिळा ब्रेड देते,” ती म्हणाली, आणि मुलाला व सूनबाईला हसू आवरले नाही.

महिन्याभराने स्वयंपाकघरातला नळ ठिबकू लागला. मी म्हणालो, खाली ताम्हण लावून ठेवू. तिने फोन केला. तो आला, त्याने नळ स्वतः न उघडता पाना तिच्या हाती दिला आणि वायसर तिच्याकडून बदलवून घेतले. उपवासाचा दिवस होता. तिने त्याला साबुदाण्याची खिचडी वाढली. “हीप्स गुड,” म्हणजे फारच छान, असे तो म्हणाला आणि त्याने पुन्हा मागून घेतली. मी शेजारच्या खोलीत स्तोत्र म्हणत होतो. त्यांचे हसणे ऐकू आले की माझा स्वर वाढे. माझा स्वर वाढला की ती दार लोटून घेई. देवाचे नाव मी त्या दिवशी भिंतीपलीकडच्या माणसावर फेकून मारावे तसे उच्चारले. या अपराधाची क्षमा मी पुढे अनेकदा मागितली आहे.

तो गेल्यावर मी फ्रिजवरचे त्याच्या नंबराचे मॅग्नेट काढले आणि पोथीच्या बासनात ठेवून गाठ मारली. पासष्टी ओलांडलेल्या, त्रिकाळ संध्या करणाऱ्या माणसाने हे केले. मनाशी कारण असे दिले, की उठल्यासुटल्या परक्या माणसाला बोलावणे बरे नव्हे.

पंधरा दिवस शांततेत गेले. मग एके दुपारी कपडे धुण्याच्या खोलीतून फुत्कारासारखा आवाज आला. वॉशिंग मशीनच्या मागची नळी सुटली होती आणि पाणी छतापर्यंत उडत होते. मी नळीच्या तोंडावर हात धरला. पाणी दुप्पट वेगाने माझ्या तोंडावर आले. पत्नीने फ्रिजकडे पाहिले. तेथे मॅग्नेट नव्हते. तिने माझ्याकडेही पाहिले. मग ती पुढच्या दाराने बाहेर गेली.

मी तेथे भिजत उभा होतो. गालिचा, लाकडी जमीन, मुलाचे कष्टाचे घर, सर्व माझ्या डोळ्यांपुढे बुडत होते, आणि ज्याला बोलवायचे त्याचा नंबर मी लपवला होता. इतक्यात पाण्याचा जोर कमी झाला, धार वाकली, आणि बंद झाली.

ती परत आली. लुगड्याला गुडघ्यांवर चिखल लागला होता. ती फोनकडे वळली तेव्हा मी म्हणालो, “नंबर शोधू नकोस. तो माझ्या पोथीत आहे.”

“ठाऊक आहे. बासन मीच धुते.”

“मग बोलली नाहीस?”

“म्हटलं, बघू, प्लंबर किती अध्याय वाचतो ते.” तिने पाठ असलेला नंबर फिरवला. तो हॅमिल्टनला कामावर होता. संध्याकाळी येतो म्हणाला. पाणी बंद केल्याचे तिने दोन इंग्रजी शब्दांत कळवले. पलीकडून “स्वीट अॅज”, म्हणजे उत्तम, असे मोठ्याने आलेले मलाही ऐकू आले.

मी पाटावर बसलो. ती फरशी पुसू लागली, आणि पुसतापुसताच म्हणाली, “त्यात एवढं काही नव्हतं हो. त्यानं विचारलं, बघायचंय का. मी हो म्हटलं.” मग फडके पिळून तिने पुढे सांगितले, “लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी तुम्हांला विचारलं होतं, अभिषेकाला तुम्ही म्हणता त्याचा अर्थ काय. तुम्ही म्हणालात, तू फुलं वेचून आण.”

“असे म्हणालो मी?”

“आणली ना मी. चव्वेचाळीस वर्षं आणतेय.”

मला ते आठवत नव्हते. माझ्या स्मरणशक्तीचे पाठशाळेत दाखले देत असत. ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत होते, आणि हे वाक्य मात्र राहिले नव्हते. प्लंबरविषयी मला जे वाटत होते त्याचे खरे मूळ तेव्हा दिसले. जे देणे माझ्याजवळ होते ते मी दिले नाही, आणि दुसऱ्याने स्वतःजवळचे दिले म्हणून मी त्याच्यावर जळत होतो.

“आजपासून शिकवतो,” मी म्हणालो.

“आधी तुम्ही टोबी शिका. मी आजारी पडले तर घर बुडवाल.”

ती मला बाहेर घेऊन गेली. मी धोतराचा ओचा खोचून गवतात गुडघे टेकले. झाकणाखाली कोळिष्टके होती. मी हात मागे घेतला. “चावत नाहीत ते,” ती म्हणाली. मी चावी फिरवली. “उलटं फिरवताय. घड्याळाचा काटा जातो तसं. जोर नको, झडप तुटेल.” समोरच्या घरातले गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, ते थांबून पाहू लागले. पत्नीने त्यांना हात केला. चौथ्या खेपेस मला जमले. तिने माझ्याकडून आणखी एकदा करून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवणानंतर ती वही घेऊन बसू लागली. मी एकेक मंत्र म्हणे आणि अर्थ सांगे. दहाबारा दिवसांनी आम्ही अशा ठिकाणी आलो, जेथे सुतारांना, रथ घडवणाऱ्यांना, कुंभारांना, लोहारांना नमस्कार केला आहे. ती लिहायची थांबली.

“लोहार म्हणजे धातूचं काम करणारा ना?”

“होय.”

“मग त्यात तांब्याचे पाइपही आले.”

“आले,” मी म्हणालो. पन्नासहून अधिक वर्षे मी हे शब्द म्हणत होतो. ज्याचे बूट दारात पाहून माझ्या कपाळाला आठी पडत असे, त्याला रोज नमस्कार घालीत होतो, आणि माझ्या गावीही नव्हते.

पुढच्या आठवड्यात प्लंबर, त्या संध्याकाळी येऊन तात्पुरती जोडलेली नळी कायमची बसवण्यासाठी आला. दार उघडण्यास प्रथमच मी गेलो. हात जोडले. त्यानेही, थोडे वेडेवाकडे, जोडले. मग माझ्या खांद्यावरून आत पाहत विचारले, “मिसेस आहेत का घरात? त्यांना एक नवा व्हॉल्व्ह दाखवायचाय.”

काटा पुन्हा टोचला. खोटे सांगत नाही. पण मी बाजूला झालो, तिला हाक मारली, आणि ती दोघे कपडे धुण्याच्या खोलीत गेली तेव्हा मीही मागोमाग जाऊन दारात उभा राहिलो. तो सांगत होता, ती मान हलवत होती. काही वेळाने तिने वळून मला मराठीत समजावले, आणि मला एकदाच चुकीचे समजले.

वाचकहो, आपल्या घरी पाणी आपल्या मर्यादेत वाहो आणि अग्नी आपल्या चुलीत राहो. आपल्या घरातील ज्या कोणी कधी काही विचारले असेल, त्याला उत्तर देण्याइतके आयुष्य व आरोग्य आपणांस लाभो. संकटकाळी जो कोणी मदतीस येईल, त्याला पाहून आपल्या अंतःकरणात केवळ कृतज्ञता उपजो. आणि काही वेगळे उपजलेच, तर ते लवकर निवो. आपल्या कुटुंबाचे सर्वतोपरी कल्याण असो.