दाखल्यासाठी मालवण ते रेडी

आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नाही. खडकांमुळे ती दूर खोल पाण्यात उभी राहते आणि किनाऱ्यावरून होड्या येऊन माणसं उतरवून नेतात. त्या दिवशी समुद्र शांत होता, तरी होडी आगबोटीच्या अंगाला घासत वरखाली होत होती. मी कागदांची पिशवी छातीशी धरून शिडीच्या शेवटच्या पायरीवर अडून राहिले.

"पाय टाक गो बाय, भिया नको," होडीवाला म्हणाला.

मी उडी टाकली. गुडघ्यापर्यंत भिजले, पण पिशवी कोरडी राहिली. उजव्या हाताला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट उन्हात काळा दिसत होता. होडी किनाऱ्याकडे वळली तसा होडीवाल्याने मला निरखून पाहिलं आणि आमच्याकडे कुणालाही विचारतात तो प्रश्न विचारला.

"तू कोणाचां?"

"विठू तांडेलाचां," मी म्हटलं. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. वडिलांनी गलबत सोडून बरीच वर्षं झाली होती, पण किनाऱ्यावर ते अजून तांडेलच होते. होडीवाल्याने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. विठू तांडेलाच्या मुलीने मुंबईत काय केलं, ते मालवणात सगळ्यांना माहीत होतं.

मी मुंबईत बाहेरून आलेल्या लोकांना मराठी शिकवत असे. त्यांत डॅनियल व्हिटेकर नावाचा एक अमेरिकन होता. दुष्काळी गावांत विहिरी खणायच्या कामावर तो इंजिनियर होता आणि गावकऱ्यांशी दुभाष्यावाचून बोलता यावं म्हणून मराठी शिकत होता. वर्षभराने आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. लग्नाआधी मी बाबांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. लग्नानंतरच्या पत्रांनाही आलं नाही. अशी दीड वर्षं गेली.

आता डॅनियलची नेमणूक संपत होती आणि पावसाळ्याआधी त्याला परतायचं होतं. माझा पासपोर्ट नव्या नावाने व्हायचा होता, आणि अमेरिकन वकिलातीला व्हिसासाठी जन्माचा दाखला हवा होता. मुलाखतीचा दिवस ठरला होता. तो हुकला तर डॅनियल पुढे जाणार आणि मी मागे राहणार, किती दिवस ते कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून मी एकटी निघाले. डॅनियल येतो म्हणत होता, पण बाबांच्या दारात त्याला घेऊन जायचं धाडस मला झालं नाही.

मालवणहून मी तारकर्लीला घरी गेले. बाबा रेडीला कामाला असत, घरी आत्याच होती. आई मी लहान असतानाच गेली आणि आत्यानेच मला वाढवलं. तिने मला पाहिलं, अंगणात थांबवून पायांवर पाणी घातलं, आणि बोलायच्या आधी पानं मांडली. बांगड्याचं तिखलं (तिखट, दाट कालवण) आणि उकडा भात. मी जेवत असताना ती माझ्या हातांकडे बघत होती.

"बांगड्यो घातलंस मां," ती एवढंच म्हणाली. हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या डॅनियलने भुलेश्वरला जाऊन स्वतः निवडल्या होत्या, हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही, पण भात आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मालवणच्या कचेरीत गेलो. कारकुनाने जन्माचं रजिस्टर काढलं आणि मला हवी ती तारीख सापडली. समोर लिहिलं होतं: गंगा, बाप विठू, राहणार तारकर्ली. मी मात्र सुमती विठ्ठल मयेकर. गंगा हे बाबांच्या आईचं नाव, बारशाला ठेवलेलं. शाळेत वर्गात आधीच दोन गंगा होत्या म्हणून मास्तरांनी सुमती लावलं, आणि तेच पुढे चाललं. घरी आत्याशिवाय मला गंगा म्हणणारं आता कोणी नव्हतं.

"लग्नानंतरचं नाव?" कारकुनाने विचारलं.

"सुमती व्हिटेकर."

"विटेकर," त्यांनी लिहिलं. "घाटावरचे का?"

मी दुरुस्त केलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. सूर बदलला, पण वागणं सरळच राहिलं. गंगा आणि सुमती ही एकच व्यक्ती असल्याचं शपथेवर सांगणारं कोणीतरी हवं, असं त्यांनी समजावून सांगितलं. वडील हयात असतील तर वडिलांनीच सांगायला हवं. वकिलातीच्या सूचनांतही तेच लिहिलं होतं.

"वडील कुठे असतात?"

"रेडीला. बंदरावर."

"येतील?"

मी समोरचे कागद सारखे करत राहिले. त्यांना ते समजलं असावं. खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची मुलाखत जवळ आली आहे. वडील वारले असं लिहून द्या. आत्याबाई इथेच आहेत, यांचा अंगठा घेऊ. आज काम होईल. तिकडे कोण बघायला येतंय?"

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. अर्जावर 'वडील' या शब्दापुढे रिकामी जागा होती आणि टाक माझ्या हातात होता. मी तो दौतीत बुडवलासुद्धा. शेजारी आत्या बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कारकुनाचं बोलणं तिने ऐकलं होतं. ती पदर घट्ट धरून बसली होती. मला तो शब्द लिहवेना. मी टाक खाली ठेवला.

"मी रेडीला जाते," मी म्हटलं. गंगाच्या नावाचा दाखला त्यांनी तेवढा लिहून दिला आणि जबानी कुठल्याही मामलेदारासमोर चालेल असं सांगितलं.

तारकर्लीच्या पुढे देवबागेजवळ कर्लीची खाडी समुद्राला मिळते. तिथून मी तरीतून (माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून) खाडी ओलांडली. पाणी इतकं नितळ होतं की खालची वाळू दिसत होती. पलीकडे चढण चढून, काजूच्या रानातून पायी परुळ्याला गेले आणि तिथे एस.टी. मिळाली. वेंगुर्ल्याला गाडी बदलली. शिरोड्याची मिठागरं आली, पांढऱ्या ढिगांच्या रांगा, आणि त्यानंतर रस्ता हळूहळू लाल होत गेला. रेडीला खनिजाची माती आहे. झाडांची पानं लाल, कौलं लाल, समोरून येणाऱ्या माणसाच्या भुवयासुद्धा लाल.

गावात शिरण्याआधी गाडी थांबवून एक शिपाई आत चढला. पलीकडे गोवा, आणि तिथे अजून पोर्तुगीज होते, त्यामुळे परक्या माणसाची चौकशी होई. त्याने मला नाव विचारलं. एरवी मी पटकन सांगितलं असतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून नावच येईना. पिशवीत तीन कागद होते आणि तिन्हींवर वेगळं नाव. शेवटी मी पुन्हा तेच सांगितलं, विठू तांडेलाची मुलगी. "मगे तसां सांग," म्हणून तो उतरला.

यशवंतगडाच्या पलीकडे बंदर होतं. जहाजं दूर उभी, आणि त्यांच्याकडे खनिज नेणारे पडाव (मालवाहू होड्या) किनाऱ्याला. बाबा त्या पडावांची ये-जा बघत. ते धक्क्याच्या टोकाला उभे होते. मी ओळखलं ते त्यांच्या पाठीवरून. केस पिकले होते, पण धुळीने तेही तांबडे दिसत होते.

मी हाक मारली. ते वळले, बराच वेळ बघत राहिले, आणि मग हातातला पडाव मार्गी लावून माझ्याकडे आले.

"आत्या बरी आसा?" त्यांनी विचारलं.

"बरी आसा."

"चल."

त्यांची खोली बंदरामागच्या चाळीत होती. त्यांनी चुलीवर पेज ठेवली. मी हात पुढे केला तर नको म्हणाले. मी कागद काढून काय हवं ते सांगितलं. ते ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी इलंय नाय तर?" (मी आलो नाही तर?)

"तर व्हिसा मिळणार नाय. नायतर..." मी थांबले. "कचेरीतले म्हणाले, वडील वारले म्हणून लिवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मगे लिवलंस नाय कित्या (का)?"

"माका लिवूक जमला नाय, बाबा."

पेज उतू जाऊ लागली. त्यांनी ती उतरवली नाही. मी उठून उतरवली.

"मी तुका दीड वर्षां मेल्ल्यातच धरून होतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. जे होतं ते सांगत होते. "लोक इचारीत, चेडू (मुलगी) कसां आसा? मी म्हणी, माका चेडू नाय."

मला रडू आलं. बाबा उठले, बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी दोन ताटल्यांत पेज वाढली, सोबत भाजलेला सुका बांगडा. आम्ही जेवलो. हात धुताना ते म्हणाले, "सकाळची गाडी धरूया. वेंगुर्ल्याक मामलेदार बसता."

सकाळी एस.टी.त ते खिडकीशी बसले. धुतलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "आडनाव काय गो तेचां?"

"व्हिटेकर."

"विटेकर." त्यांनी विचार केला. "विट्याचो काय तो?"

त्या दिवसांत मी पहिल्यांदाच हसले. तेही हसले, पण तोंड खिडकीकडे करून. मग मी तो उच्चार फोडून सांगितला. वेंगुर्लं येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत तो घोळवत होते, आणि मधूनच माझ्याकडे बघून बरोबर आहे का ते विचारत होते.

वेंगुर्ल्याच्या कचेरीत अर्ज लिहून देणारे गृहस्थ व्हरांड्यात बसतात. त्यांच्याकडून जबानी लिहून घेतली आणि आम्ही मामलेदारांसमोर उभे राहिलो. मामलेदार तरुण होते, देशावरचे. त्यांनी बाबांना शपथ दिली.

"या बाई तुमच्या कोण?"

"माझां चेडू." मग कचेरीची आठवण होऊन त्यांनी शुद्ध केलं. "माझी मुलगी."

"नाव?"

"जन्मली तेव्हा गंगा. शाळेत सुमती. आता..." ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. "आता सुमती व्हिटेकर."

एक अक्षर चुकलं नाही. मामलेदार सही करायला लागले तेवढ्यात बाबा म्हणाले, "साहेब, आणखी एक लिहा. या लग्नावर माझी नाराजी होती. आता नाही."

मामलेदारांनी मान वर केली. "तांडेल, कायद्याला हे लागत नाही."

"माका लागता," बाबा म्हणाले.

मामलेदारांनी कागद व्हरांड्यात पाठवला आणि ते वाक्य खाली वाढवून घेतलं. बाबांनी मोडीत सही केली, अक्षर मोठं आणि तिरकं. मग टोपी नीट करून ते बाहेर गेले.

मुंबईला मी आंबोलीमार्गे बेळगावला जाऊन रेल्वेने जाणार होते. सावंतवाडीपर्यंत येतो म्हणून बाबा गाडीत बसले. सावंतवाडी आली तरी उतरले नाहीत. "घाट कधी चढलंय नाय," ते म्हणाले. जन्म समुद्रावर काढलेला माणूस. वळणांवर त्यांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

आंबोलीला धुकं होतं. गाडी थांबली तिथे टपरीवर आम्ही चहा घेतला. बाबांना थंडी वाजत होती. माझी शाल दिली तर घेतली.

"तेच्या गावाक समुद्र किती लांब?"

"समुद्र नाय थंय. हजार मैलांत नाय. शेतां आसत. नुसती शेतां."

हे त्यांना पटेना. "समुद्र नाय? मगे माणसां बगतत काय?"

"माका म्हायत नाय, बाबा. मी अजून बगूक नाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "तेका मराठी लिवूक येता?"

"येता, मोडकीतोडकी."

"चलात (चालेल). घालूक सांग पत्र."

माझी गाडी सुटायच्या आधीच खाली जाणारी गाडी आली. ते शाल परत द्यायला लागले, मी घेतली नाही. गाडी पहिल्या वळणावरच धुक्यात दिसेनाशी झाली, पण इंजिनाचा आवाज बराच वेळ खालून येत राहिला.

मुंबईत मुलाखत झाली. अधिकाऱ्याने बाबांची सही पाहून ही कोणती लिपी म्हणून विचारलं, आणि व्हिसा मंजूर केला. मी म्हटलं, वडिलांची जबानी मला परत मिळेल का? नाही, ते म्हणाले, मूळ कागद फायलीतच राहतो. मी नक्कल करून ठेवायला हवी होती, हे मला बाहेर आल्यावर सुचलं.

बाबांना मी पुन्हा पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी ते रेडीलाच वारले. तोवर डॅनियलची पत्रं त्यांना जात होती, त्यांची उत्तरंही येत होती. ती त्यांच्याच हातची, मोडीत, आणि मला ती डॅनियलला वाचून दाखवावी लागत. जबानीचा तो कागद आज वकिलातीच्या कुठल्या कपाटात आहे मला ठाऊक नाही, आणि बाबांनी वाढवलेलं ते वाक्य वाचू शकेल असं तिथे कोणी असेल असंही वाटत नाही. पण मी तेव्हा मामलेदारांच्या खोलीत उभी होते, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकलं होतं.