आपलीच आहे ती

आमच्या खानदेशात माणूस पारखायची एकच कसोटी: तो आपला आहे का? वकील आपला, गाडी दुरुस्त करणारा आपला, नळ जोडणारा आपला. एकदा आपला ठरला की त्याला काम येतं का हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. जळगावात मी सव्वीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवतेय, फटकळ म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, आणि तरी या बाबतीत मीही माती खाल्ली. ते आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी शहाणपणा शिकवला तरी चालेल.

अमळनेरच्या माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगा धुळ्याचा. खरेदीसाठी म्हणून पोरगी माझ्याकडे येऊन राहिली. तिच्या दोन्ही गालांवर मुरमांचे काळपट डाग आहेत. सासरच्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. पण साखरपुड्याचे फोटो आले आणि ही मोबाईलवर दोन बोटांनी ते मोठे करून आपलेच गाल न्याहाळत बसायला लागली. लग्नात स्टेजवर तीन-चार तास सगळ्यांच्या नजरेसमोर बसायचं या धास्तीनं तिचं जेवण सुटलं होतं. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

एके दिवशी दुकानात मी एका पार्लरची ऑर्डर भरत होते. कापूस, हातमोजे, सिरिंज. पार्लर माझ्या चुलतभावाच्या बायकोचं, दोन गल्ल्या सोडून. भाची शेजारी उभी होती. ती म्हणाली की त्या सिरिंज बहुतेक आपल्यासाठीच असतील. मग एकेक बाहेर आलं. आईनं आणि या पार्लरवाल्या मामींनी परस्पर ठरवलं होतं: आधी औषध लावून गालांची वरची कातडी सोलून काढायची, चार दिवसांनी चेहऱ्याला चमक येण्याचं इंजेक्शन. लग्नाला उरले होते अकरा दिवस.

मी विचारलं, बाटलीत काय असतं? ते मामींना माहीत असेल म्हणाली. इंजेक्शन कसलं? तेही मामींनाच माहीत. मी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला आणि चांगली फैलावर घेतली. वहिनी भुवया कोरते, मेंदी काढते, त्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही. पण सुई टोचायला ती कुठं शिकली? बहीण शांतपणे म्हणाली, "आपलीच शे ना ती. तिले काय इचारनं?"

मी फोन ठेवला. कारण सहा महिने मीच वहिनीला सिरिंज पुरवत होते. पार्लरला सिरिंज कशाला लागतात, हा प्रश्न परक्या बाईला मी पहिल्याच दिवशी विचारला असता. हिला नाही विचारला. आपलीच ना!

मग मात्र मी पदर खोचला. रस्त्यावरच्या मोठमोठ्या बोर्डांवरचे गोरेपान चेहरे बघून मी डॉक्टर शोधला नाही. डिग्री पाहिली, ती त्वचारोगातलीच आहे ना ते पाहिलं, नोंदणीचा नंबर मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधून तपासला. फोन करून विचारलं की सुई स्वतः डॉक्टर देतात की हाताखालची मुलगी, आणि काही बिघडलं तर रविवारी कोण उचलतं फोन. बहीण वैतागली, म्हणाली की डॉक्टर शोधतेयस की सोयरीक जुळवतेयस? मी म्हटलं, सोयरीक करताना सात पिढ्या उकरता, आणि पोरीच्या तोंडाला औषध फासणाऱ्याला एक डिग्री विचारायची लाज वाटते होय तुम्हाला?

सापडलेल्या डॉक्टरबाई आमच्या ना नात्यातल्या ना गावच्या. त्यांनी आधी भाचीला बोलू दिलं. आधी काय काय लावलंस, गोळ्या कुठल्या चालू आहेत, जखम झाली की वण फुगतो का, कशानं अंगावर गांध्या उठतात का, सगळं विचारून लिहून घेतलं. उजेडात गाल बघितले. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हळद कधी आहे? आणि चेहऱ्याला कोण कोण लावणार?"

बठ्ठा गाव, अख्खं गाव, असं मी पटकन बोलून गेले. डॉक्टर हसल्या नाहीत. सोललेल्या कातडीवर पन्नास हात हळद चोळणार, वर हे मे महिन्याचं ऊन. आहेत त्याहून काळे डाग पडतील आणि वर्षभर जाणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चमक आणणारं इंजेक्शन त्या देतच नाहीत, ते त्या कामासाठी नाहीच. उन्हापासून वाचवणारं एक मलम लिहून दिलं आणि डागांवरचे उपचार पावसाळ्यानंतर सावकाश करू म्हणाल्या. थोडक्यात, नाही. मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. सगळं करून देते म्हणणारे पावलोपावली भेटतात. आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायला विद्या लागते.

भाची मात्र रिक्षात रडली. तुमचं काय जातं मावशी, स्टेजवर मला बसायचंय, एवढंच म्हणाली. रात्री जेवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती टेलरकडे जाते सांगून निघाली. या उन्हात कुठला टेलर दुकान उघडं ठेवतो? मी अर्धं शटर ओढलं आणि पार्लरकडे सुटले. डांबर पाघळत होतं. वहिनीला काय काय ऐकवायचं ते मी वाटेत घोकत होते, आणि त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाही.

दार ढकललं. भाची खुर्चीत बसलेली, केसांना पट्टा लावलेला, पण गाल कोरडे होते. ती वहिनीला डॉक्टरांचेच प्रश्न विचारत होती: बाटलीत काय आहे, तुम्ही हे कुठं शिकलात, भाजलं तर कुणाकडे न्यायचं? वहिनीच्या हातात बाटली होती. तोंडाला ओढणी बांधलेली. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच बायका तोंड बांधून फिरतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नसतं. पण ती तर पंख्याखाली होती.

वहिनीनं ओढणी सोडली. जबड्यापासून कानापर्यंत कातडी काळीनिळी पडली होती, मधे दोन ठिकाणी ओलसर. याच बाटलीतलं औषध तिनं पंधरा दिवसांपूर्वी आधी स्वतःला लावून पाहिलं होतं. माल देणारा माणूस म्हणाला होता की आठ दिवसांत साल निघून जाईल. कुणाला दाखवलं तर पार्लर बंद पडेल, म्हणून ती घरातसुद्धा ओढणी सोडत नव्हती.

घोकलेलं सगळं सोडून मी एवढंच विचारलं, की हे असं झालेलं असताना पोरीला खुर्चीत बसवलंस कसं?

"पाणी घालून हलकं करणार होते," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीनं केवढ्या विश्वासानं सांगितलं. आपल्याच माणसाला नाही कसं म्हणू, ताई?"

मीही सहा महिने तेच केलं होतं, फक्त काउंटरच्या पलीकडून.

भाचीनं केसांचा पट्टा काढला. "मामी," ती म्हणाली, "मला नाही म्हणा."

वहिनी बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"म्हणा ना."

"नाही करत, बाई," वहिनी म्हणाली, बाटली बेसिनवर ठेवली आणि हुंदके देऊन रडायला लागली. भाचीनं उठून तिला त्याच खुर्चीत बसवलं. मग आपले डाग, त्यावर आलेला घाम, सगळं तसंच घेऊन तिनं मोबाईल काढला आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"कालची पेशंट बोलतेय," ती म्हणाली. "माझं नाही, माझ्या मामीचं नाव लिहा. आत्ताच घेऊन येते."