गावसला काय झालं होतं

मी पेडणे तालुक्यातल्या चोपड्याचा. पलटणीत सतरा वर्षं काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. सांगतो आहे ते लडाखमधल्या एका पोस्टवरच्या एका हिवाळ्याचं. उंची पंधरा हजार फूट, माणसं बत्तीस. त्यांत गोव्याचे दोघेच, मी आणि डिचोली तालुक्यातल्या मयेचा सुदेश गावस. मी नायक, तो लान्स नायक, म्हणजे माझ्याहून एक पायरी खाली. ही पायरी मी त्याला विसरू देत नसे. इतर कुणाच्या मात्र ती लक्षातही राहत नसे.

गावस फायरिंगमध्ये पुढे, चढणीला पुढे. आमचे कंपनी कमांडर, मेजर साहेब, नकाशा उघडला की आधी त्याला हाक मारायचे. लंगरमध्ये न मागता त्याच्या ताटात जास्तीची पोळी पडायची. त्यात भर म्हणजे त्या ऑक्टोबरात त्याचं लग्न ठरलं, कारापूरच्या वैशालीशी. ते स्थळ आधी आमच्याकडे आलं होतं. माझ्या वहिनीचं माहेर कारापूर, तिनेच ते आणलं होतं. मुलीकडच्यांनी कळवलं की चोपडे लांब पडतं. मग त्यांना मये जवळ पडलं. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात, ते माझं त्या हिवाळ्यात रोज दुखत होतं.

दिवस ठरलेला असे. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, मग चहा, बर्फ काढणं, रॉकेलचे जेरीकॅन वाहणं, ड्युटी. आंघोळ पंधरा दिवसांतून एकदा. एरवी कोमट पाण्याच्या मगात जंतुनाशक ओतून अंग पुसायचं. एक झाकण घाला असं सांगितलेलं, आम्ही तीन घालायचो. वास नाकात गेला की माणूस स्वच्छ झाला, अशी आमची समजूत. वर लोकरीची जाड लाँग जॉन, म्हणजे आतून घालायची लांब तुमान, चोवीस तास अंगात. कपडे धुवायचे तर बर्फ वितळवायचा, त्यामुळे ते एकदाच खळबळून घ्यायचे, साबण राहिला तर राहिला.

नोव्हेंबरात मला त्रास सुरू झाला. कुठे ते नीट लिहितो, कारण तेव्हा नीट बोललो नाही म्हणूनच पुढचं सगळं झालं. लिंगाची आणि अंडकोशाची कातडी कोरडी पडली, खाजू लागली, तिचा कोंडा सुटू लागला. मग बारीक भेगा. चालताना लोकर घासली की आग व्हायची. मी मगात झाकणं वाढवली, आग आणखी वाढली. बॅरकमध्ये एक मलमाची ट्यूब हातोहात फिरत असे, कुणीतरी सुट्टीवरून येताना केमिस्टकडून आणलेली. ती लावली की तीन दिवस बरं आणि चौथ्या दिवशी दुप्पट. मी ती लावतच राहिलो.

दर महिन्याला एफएफआय व्हायची. फ्री फ्रॉम इन्फेक्शन, म्हणजे जवानाला कसला संसर्ग नाही ना, याची तपासणी. बंकरमध्ये ओळीने उभं राहायचं, पँट खाली, आणि डॉक्टर साहेब टॉर्च घेऊन एकेकासमोरून जायचे. आमचे डॉक्टर तरुण कॅप्टन होते, खाली बटालियन हेडक्वार्टरमधून चढून यायचे. त्या सकाळी मी खोबरेल चोपडून कोंडा बसवला होता. ओळीत मी चौथा. डॉक्टर माझ्यासमोरून पुढे गेले आणि मी श्वास सोडला. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही त्रास?

गावस सहावा होता. तो म्हणाला, "साब, मला खाली खाज आहे. कातडी सुटते."

सगळी ओळ हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, पाहिलं आणि पाच-सात मिनिटं बोलले. मला त्याचा असा हेवा वाटला की अजून आठवतो. जे माझ्या तोंडून तीन आठवडे निघालं नव्हतं, ते या माणसाने हजेरी द्यावी तसं सांगून टाकलं होतं.

पंधरा दिवसांत तो बरा झाला. त्याने जंतुनाशक बंद केलं होतं आणि कसलीशी जेली लावत होता, एवढं मला दिसत होतं. एका दुपारी शेजारच्या खाटेवरून त्याने ती डबी माझ्याकडे केली. म्हणाला, "तुका पण तेंच जालां मरे. डॉक्टराक सांग."

"माका कांय जावंक ना," मी म्हणालो.

डबी घेतली असती तर सुटलो असतो. पण गावसच्या हातचं औषध मला नको होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच रविवारी मेजर साहेबांनी लाँग पेट्रोलची, म्हणजे लांबच्या गस्तीची, यादी वाचली. दहा माणसं. लीड स्काउट, म्हणजे सर्वांत पुढे वाट काढत चालणारा, गावस. माझं नाव पोस्टवर रेडिओ ड्युटीला. त्या दिवशी फोनची माझी पाळी होती. सॅटेलाइट फोनवर माणशी दोन मिनिटं मिळत. मी घरी लावला, वहिनीने उचलला. सगळ्यांची विचारपूस झाली आणि मग मी म्हणालो, "गावसाक खाली कसलो तरी रोग जाला. डॉक्टरान सगळ्यांदेखत लायनीतसून भायर काडलो."

तसं पाहिलं तर रोग या शब्दाखेरीज एकही शब्द खोटा नव्हता. कारापूरला कळायला आठवडा लागेल असं मी धरून चाललो होतो. चार दिवस लागले.

गावसच्या वडिलांचा निरोप आला की मुलीकडचे मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट मागतात, तोवर लग्नाची तारीख थांबवली आहे. गावसने हे मलाच येऊन सांगितलं, कारण गोव्याचा दुसरा मी होतो. आधी हसला, मग हसेना. वैशालीने फोन उचलणंही बंद केलं होतं. कुणी काडी लावली कळत नाही, म्हणाला. मी म्हणालो, लोकांना बोलायला काय लागतं. त्याने डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली, मला काय झालं होतं ते कागदावर लिहून द्या. डॉक्टरांचा निरोप आला, पेट्रोल परत आली की वर येतो, कागद घेऊनच येतो.

पेट्रोल सकाळी ०६१५ ला निघाली. लोक मला विचारतात, तो तुमच्या जागी गेला होता का? नाही. तो त्याच्याच जागी गेला होता. त्याची निवड झाली होती, आणि ती बरोबर होती. मला तर रेडिओसमोरच्या पेटीवर धड बसताही येत नव्हतं. भेगांतून पाणी येत होतं, मी एका कुल्ल्यावर कलून बसलो होतो. तसाच बसून तो उतरणीवरून दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राहिलो आणि मनात जळत राहिलो.

०९४० ला पहिला रिपोर्ट, सगळं ठीक. १०३० ला दुसरा. ११२२ ला सेट वाजला. आमची पोस्ट अल्फा, पेट्रोल अल्फा वन.

"अल्फा, धिस इज अल्फा वन. ओव्हर."

"अल्फा वन, पास युअर मेसेज. ओव्हर."

"बर्फ घसरला. तीन दबले, दोन निघाले. एक मिसिंग. ओव्हर."

"मिसिंग कोण? ओव्हर."

"लीड स्काउट. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो आणि मेजर साहेबांना हाक मारली. त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मी फोनवर काय बोललो ते आता गावसला कधीच कळणार नाही. आणि मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो १३१० ला सापडला. गेलेला होता.

डॉक्टर १६०० ला चढून आले. त्यांचं काम झाल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, साब, मला खाली त्रास आहे. त्यांनी टॉर्च लावली. किती दिवस? मी म्हणालो, दीड महिना. एफएफआयला ओळीत होतास? होतो, साब, चौथा. काय लावतोस, त्यांनी विचारलं. मग ट्यूब मागून घेतली आणि चुलीत टाकली. त्या मलमात स्टेरॉइड असतं, त्याने नाजूक जागेची कातडी पातळ होते आणि मलम थांबवलं की पेटते, म्हणाले. आधी जंतुनाशकाने आपणच कातडीचं तेल धुऊन काढायचं, त्यात इथली कोरडी हवा, कपड्यांत राहिलेला साबण, घासणारी लोकर. हा रोग नाही, हा नको तितकं धुतल्याचा परिणाम आहे.

त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं, साबण तिथे लावायचाच नाही. टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली लावायची. लोकरीच्या आत सुती, सैल चड्डी, दोनदा खळबळून वाळवलेली. नखं कापायची. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा गोल चट्टे, फोड, जखम, पू असं काही दिसलं, तर ते दुसरं काही असू शकतं, मग लपवायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. गावससाठी लिहून आणलेला. गावस गेल्याचं त्यांना वाटेत कळलं होतं. त्याच्या पार्थिवाबरोबर घरापर्यंत मलाच जायचं होतं, म्हणून तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

मये गावात तळ्यापासून त्याच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. शाळा सुटलेली, दुकानं बंद. मी शवपेटीबरोबर चालत होतो. खरं सांगतो, तिरंग्यातल्या त्या माणसाचाही मला हेवा वाटला. गर्दीच्या कडेला वैशालीचे वडील उभे होते, पण पुढे आले नाहीत. कुणीतरी कुजबुजलं की मुलाला काहीतरी होतं म्हणे. ते मी ऐकलं आणि त्या दिवशी गप्प बसलो.

बाराव्या दिवशी कारापूरला गेलो. वैशालीच्या वडिलांचं छोटं दुकान आहे, घर त्याच्याच मागे. कागद त्यांच्या हातात दिला. तो दिला की माझं काम संपत होतं, माझं नाव कुठेच येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. अंडकोशाच्या कातडीचा कोरडेपणा, जंतुनाशकाच्या अतिवापरामुळे, संसर्ग नाही, पूर्ण बरा. मग चष्मा काढला. म्हणाले, "मग आमकां तशें कोणें सांगलें?"

"मीयां," मी म्हणालो.

 वैशाली आतल्या दारात उभी होती. ती बाहेर आली, वडिलांच्या हातातून कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि आत गेली. तो कागद तिने परत आणून दिला नाही.

तिथून मयेला गेलो. गावसची आई पडवीत भाजी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खाज, ओळ, खोबरेल, डबी, फोन, सगळं. बाईमाणसासमोर बोलू नये अशा जागेचं नाव घेऊन सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. हात थांबले होते. आता ही मला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं, आणि काढावं असंही वाटलं.

शेवटी तिने मान वर केली.

"आनी तुजां?" तिने विचारलं. "तुजां बरां जालां?"

मी होकारार्थी मान हलवली.  अशी आई असलेल्या माणसाचा मला हेवा वाटला, आणि तो आजही वाटतो. लान्स नायक सुदेश गावस, मये. वय सव्वीस.